नाव एकच, रुग्ण दोन

चंडीगडलगतच्या मुल्लानपूर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ३०० खाटांच्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. पंजाबात गुरप्रीत हे नाव मुलाचेही असते आणि मुलीचेही. पुढचे सिंग किंवा कौर गळले की यादीतील दोन गुरप्रीत वेगळे ओळखणे कठीण. जन्मतारखेचा आधार घ्यावा, तर आपल्याकडे निम्मे गाव १ जूनला जन्मलेले!

औषधयोजना कागदावर होती तेव्हा केसपेपर बहुधा रुग्णाच्या खाटेशीच असे. संगणकावर दोन रुग्णांत एका ओळीचे अंतर उरते. कर्करोगाच्या वॉर्डात हा धोका अधिक फसवा असतो, कारण शेजारच्या रुग्णालाही बऱ्याचदा तेच औषध चालू असते. फरक असतो तो उंची-वजनावरून काढलेल्या मात्रेत. चुकीची नोंद अशा वेळी चुकीची दिसतच नाही.

यावर ‘डॉक्टरांनी दक्ष राहावे’ हा उपदेश मला निरुपयोगी वाटतो. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात संशोधकांनी आधी चूक मोजण्याची युक्ती शोधली: दहा मिनिटांत मागे घेतलेली आणि त्याच डॉक्टरने पुढच्या दहा मिनिटांत दुसऱ्या रुग्णासाठी पुन्हा दिलेली ऑर्डर. २००९ या एका वर्षात चुकीच्या रुग्णाच्या नावे गेलेल्या ऑर्डरींचा अंदाज पाच हजारांवर गेला. आणि ज्या कुणाच्याच लक्षात आल्या नाहीत, त्या यात नाहीतच. ‘हाच रुग्ण ना?’ असे विचारून एका क्लिकवर पुढे जाऊ देणाऱ्या सूचनेने चुका १६ टक्के घटल्या. रुग्णाची आद्याक्षरे, लिंग व वय पुन्हा टंकायला लावल्यावर मात्र ४१ टक्के. उलट, एका वेळी चारऐवजी एकच फाइल उघडू देण्याचा सर्वांना पटणारा उपाय २०१९ च्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरला.

आपल्या तुडुंब ओपीडीत प्रत्येक गोळीसाठी वय टंकायला लावणे अव्यवहार्य आहे, हे मान्य. केमोथेरपी, रक्त व इन्सुलिन यांसाठी तरी ही सक्ती हवी. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाने प्रश्न सुटेल, ही समजूत भाबडी आहे. क्रमांक अचूक असला तरी बोट चुकीच्या ओळीवर पडू शकते. म्हणून प्रणाली विकत घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने विक्रेत्याला आधी विचारावे: मागे घेऊन दुसऱ्याला दिलेल्या ऑर्डरींची मासिक संख्या तुमचे सॉफ्टवेअर दाखवते का?