टर्बो बदलण्यापूर्वी

ट्रॅक्टरची शक्ती कमी पडू लागली आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला, की ‘टर्बो गेला’ हा निर्णय वर्कशॉपच्या दारातच होतो. शेतकरी कित्येक हजार रुपये मोजून नवा टर्बोचार्जर बसवितो. आमच्या भागातील एका ऊस बागायतदाराने दोन हंगामांत दोनदा तो बदलला. तिसऱ्या वेळी एका वृद्ध मेस्त्रींनी नवा भाग मागविण्याआधी तेल परत नेणारी नळी सोडून पाहिली. ती वाकून दबली होती व आत जळलेल्या तेलाचा थर बसला होता. परतीची वाट बंद झाल्यामुळे तेल सीलमधून बाहेर पडत होते. पहिल्या दोन्ही टर्बोंचा यात काहीच दोष नव्हता.

टर्बो स्वतःहून क्वचितच बिघडतो, त्याला बिघडविले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. यास्तव त्याची रचना थोडी समजून घेणे अवश्य आहे. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक पंखा फिरवावयाचा आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची. हवा अधिक मिळाल्याने अधिक डिझेल नीट जळते व त्याच आकाराचे इंजिन जास्त ओढते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले, तेव्हापासून हा भाग आपल्या शिवारात अधिकच दिसू लागला आहे.

हा दांडा मिनिटास एक लाखाहूनही अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. भारी नांगरटीत एका बाजूचा वायू पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. आता आपल्या चालकांची जुनी खोड आठवावी : बंद करण्यापूर्वी एकदा जोराने रेस द्यावयाची आणि लगेच इंजिन बंद करावयाचे. इंजिन थांबताच तेलाचा दाब जातो, दांडा मात्र फिरतच राहतो. तापलेल्या बेअरिंगमधील तेल जळून त्याचा कोळसा होतो. भारी कामानंतर तीन ते पाच मिनिटे इंजिन मंद गतीवर चालू ठेवावे. सुरू केल्यावरही अर्धा-एक मिनिट रेस देऊ नये. डिझेल वाया जाते ही तक्रार मला नेहमी ऐकावयास मिळते. परंतु तीन मिनिटांस शंभर मिलिलिटरही लागत नाही.

दुसरा शत्रू धूळ. एअर फिल्टरचा कागदी भाग रॉकेलने धुणे किंवा चाकावर आपटणे घातक आहे. त्याला बारीक छिद्र पडले की मातीचे कण पंख्याची पाती खरवडून काढतात. आतील लहान फिल्टर साफ करावयाचा नसतो, तो बदलावयाचा असतो. फिल्टर व टर्बो यांमधील रबरी नळीची क्लिप ढिली असेल, तर उत्तम फिल्टरचाही उपयोग नाही.

तपासणी घरीही होऊ शकते. इंजिन पूर्ण थंड व बंद असताना हवेची नळी काढून पंखा बोटाने फिरवावा. दांडा बाजूस किंचित हलणे स्वाभाविक आहे, कारण तेथे तेलाच्या थरासाठी जागा ठेवलेली असते. एवढ्यावरून अनेक चांगले टर्बो भंगारात गेले आहेत. पाती कवचास घासत असतील किंवा दांडा पुढेमागे जाणवण्याइतका हलत असेल, तरच काळजी करावी. काळा धूर व शिटीसारखा आवाज येत असल्यास प्रथम नळ्यांची गळती पाहावी.

दुरुस्तीत बहुधा मधला गाभाच बदलतात. त्याचे फिरते भाग यंत्रावर तोलून घ्यावे लागतात. हातोडी-पान्याचे हे काम नव्हे. नवा भाग बसविताना तेलाची येणारी व जाणारी नळी तपासावी, तेल व त्याचा फिल्टर बदलावा, तेलाच्या तोंडाशी चिकट सीलंट लावू नये आणि सुरू करण्यापूर्वी टर्बोत स्वच्छ तेल ओतावे. हवेच्या नळ्यांत व इंटरकूलरमध्ये साचलेले तेल काढून टाकावे. ते तसेच राहिल्यास इंजिन तेच तेल जाळून बेफाम पळू शकते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस माझी एक विनंती आहे. ट्रॅक्टर घेताना माहिती मालकास सांगितली जाते, किल्ली मात्र फिरते रोजंदारीवरील चालकाच्या हाती. यंत्रांच्या मेळाव्यास मालकाबरोबर चालकासही बोलवावे, त्या दिवसाची मजुरी त्यास मिळेल असे पाहावे आणि नांगरट करून आलेला ट्रॅक्टर कसा बंद करावयाचा, हे त्याच्याच हातून करवून घ्यावे.