बदली सैनिकाची, भुर्दंड पत्नीला

अमेरिकेत सैनिकाची बदली साधारणतः दर दोन-चार वर्षांनी होते. आदेश संघ सरकारचा असतो. त्याची किंमत मात्र सैनिकाच्या जोडीदाराला, म्हणजे बहुधा पत्नीला, मोजावी लागते. ती मानसशास्त्रज्ञ असेल तर व्यवसायाचा परवाना देणे हा प्रत्येक राज्याच्या मंडळाचा अधिकार. मुख्य लेखी परीक्षा देशभर एकच आहे. परंतु देखरेखीखालील कामाचे तास, राज्याच्या कायद्याची चाचणी, शुल्क या अटी राज्यागणिक निराळ्या. मंजुरी हाती पडते न पडते तोच पुढील बदलीचे वेध लागतात. संरक्षण खात्याच्याच २०२१ च्या पाहणीत अशा जोडीदारांतील बेकारी २१ टक्के आढळली. तिच्या कारणांपैकी हे एक ठळक कारण होय.

उपाय झाले, पण तोकडे. २०१९ मध्ये अस्तित्वात आलेल्या 'सायपॅक्ट' या आंतरराज्य करारात आज चाळीसहून अधिक राज्ये आहेत. त्यान्वये परराज्यातील रुग्णावर दूरस्थ उपचार करता येतात. प्रत्यक्ष जाऊन काम करण्यास मात्र वर्षाकाठी तीसच दिवस मिळतात. बिऱ्हाड हलवणाऱ्या स्त्रीला त्याचा काय उपयोग? नव्या परवान्याच्या खर्चापोटी सेनादले एक हजार डॉलरपर्यंत देतात. बुडालेल्या मिळकतीचे काय? जानेवारी २०२३ मध्ये संघीय कायदा झाला: लष्करी आदेशाने स्थलांतर झाल्यास, काही अटींवर, जुना परवाना नव्या राज्याने ग्राह्य मानावा. तरीही त्याच वर्षी टेक्सासमध्ये एका वायुसैनिकाच्या पत्नीला, जी शालेय समुपदेशक होती, हा हक्क न्यायालयात जाऊन मिळवावा लागला.

यावर बाजारवाद्यांचा तोडगा ठरलेला आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच वैद्यकीय परवानासुद्धा नको, असे प्रतिपादिले होते. आम्हांस ते मान्य नाही. मनोव्यथेने गांजलेला रुग्ण उपचारकाची पारख करू शकत नाही. त्याला संरक्षण हवेच. पण ते पात्रतेच्या कसोटीतून मिळते, कसोटीच्या पुनरावृत्तीतून नव्हे. राज्याची सीमा ओलांडल्याने कोणी अज्ञानी होत नाही. तेव्हा पात्रतेचे किमान निकष देशभर एक असावेत, शिस्तभंगाची नोंद सर्व मंडळांना उपलब्ध असावी आणि मान्यता बदलीबरोबरच मिळावी. कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्याचा भार एकेकट्या स्त्रीवर टाकणे अन्यायाचे आहे.

जो हुकूम देतो त्यानेच त्याची किंमत सोसली पाहिजे. सैनिकाच्या निष्ठेवर हक्क सांगणाऱ्या सरकारने त्याच्या पत्नीचे श्रम फुकटात मिळालेले आंदण समजू नये.