क्रूझवरचं लाकूड खरं असतं का?

क्रूझच्या केबिनमध्ये लाकडी भिंती दिसल्या की प्रश्न पडतो, आग लागली तर?

लाकूड खरंच असू शकतं, पण फक्त वरचा पातळ थर, म्हणजे व्हिनिअर. आतला बोर्ड न जळणारा असतो.

यामागे कटू अनुभव आहे. 1934 मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'मोरो कॅसल' जहाज पेटलं. लाकडी सजावटीमुळे आग झपाट्याने पसरली आणि 137 जणांचा जीव गेला.

आज 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार व्हिनिअर जळाल्यास प्रति चौरस मीटर 45 मेगाज्यूलपेक्षा जास्त उष्णता निघता कामा नये. खोलीतल्या एकूण लाकडी सजावटीलाही मर्यादा आहे: भिंती आणि छतावर 2.5 मिलिमीटरचा थर दिल्याइतकीच.

मात्र व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या खासगी यॉटना सोलास लागू नाही. तिथे सुरक्षा बरीचशी मालकाच्या निवडीवर अवलंबून असते.