बिचारा तेरडा!

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मी वर्षानुवर्षे मोठ्या ठसक्यात शिकवीत आलो. जूनमध्ये उत्साहाने पहिल्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी ऑगस्टात पेंगू लागला, तेव्हा भर वर्गात त्याला ‘तेरडा’ म्हणालो. पोरे हसली, त्याने मान खाली घातली.

कारवीचे मात्र मला भारी कौतुक! सात वर्षे मुकाट वाढायचे आणि आठव्या वर्षी डोंगर जांभळा करून सोडायचा. बोरिवलीच्या जंगलात ती २००८ साली फुलली, ती पुन्हा २०१६ साली.

पण कारवी जन्मात एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तेरडा तरी निराळे काय करतो? त्याचा जन्मच मुळी एका पावसाळ्याचा! तेवढ्यात तो उगवतो, फुलतो, बोट लागताच फुटणाऱ्या बोंडांतून बी उधळतो. शिवाय कोकणात कितीतरी घरी गौर म्हणून येतो तो तेरडाच.

पुढे कळले, तो मुलगा रात्रपाळी करून कॉलेजात येत होता. उत्साह नव्हे, वेळ तोकडा होता.

आता ती म्हण सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.