चाल वहीत उतरत नाही



आपल्या वस्तीत गाणारी माणसे पुष्कळ आहेत. कुणी गायन पार्टीत आहे, कुणा आजीला जात्यावरच्या ओव्या अजून तोंडपाठ आहेत. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, पण त्यांची गाणी गावोगावच्या गळ्यात राहिली. ज्या गायकाचे नाव कुठे छापून आले नाही, त्याचे काय? शब्द वहीत उतरतात, चाल उतरत नाही. माणूस गेला की तीही जाते. स्टुडिओचे भाडे तासावर, ते रोजंदारीच्या माणसाला झेपत नाही. म्हणून घरच्या ध्वनिमुद्रणाची माहिती करून घेऊ.

ऑडिओ इंटरफेस ही हातात मावणारी डबी असते. माईकमधून येणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. ही डबी तो वाढवते, त्याचे आकड्यांत रूपांतर करते आणि यूएसबी वायरने संगणकाकडे पाठवते. बऱ्याच मोबाईल फोनलाही ती जोडता येते. मात्र फोनची वीज कधी कधी अपुरी पडते. एकट्या गायकाला एका माईकची डबी पुरे. सोबत हार्मोनियम असेल तर दोन माईकची घ्यावी.

माईक दोन प्रकारचे. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टची वीज लागते. ती डबीवरचे बटण दाबल्यावर मिळते. तो बारीक आवाजही टिपतो, म्हणजे शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा! चाळीतल्या खोलीत डायनॅमिक माईक बरा. त्याला ही वीज लागत नाही आणि जवळचा आवाजच तो जास्त घेतो.

आता कृती. पंखा बंद करा. गायकाच्या मागे व बाजूला गोधड्या टांगा, म्हणजे भिंतीचा घुमारा कमी होईल. माईक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला ठेवा. नाहीतर प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसतो. आधी गाण्यातली सर्वांत चढी ओळ गाऊन घ्या आणि तेव्हा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवा. लाल दिवा लागून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. हळू आलेला वाढवता येतो. ऐकायला हेडफोनच वापरा, कारण स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल, तर डबीवरचे डायरेक्ट मॉनिटर चालू करा.

संगणकावर ऑडॅसिटी हा कार्यक्रम फुकट मिळतो. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशी नोंद केल्यास मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा लागते. पाच मिनिटांच्या गाण्याला ४०. मूळ नोंद वेव्ह स्वरूपात दोन ठिकाणी ठेवा, फोनवर पाठवायला एमपी३ करा.

प्रत्येक नोंदीबरोबर गायकाचे व कवीचे नाव, गाव आणि तारीख लिहाच. कवीचे नाव गाळून गाणे फिरू लागले, की त्याच्या पोराबाळांनाही ते आपल्या बापाचे म्हणून सांगता येत नाही. आणि गाणाऱ्याला विचारल्याशिवाय ते बाहेर पाठवू नका.

खर्च एकट्यावर नको. दहा घरांनी वर्गणी काढून एकच संच घ्यावा, कुणी कधी नेला याची वही ठेवावी. पहिली नोंद मात्र वस्तीतल्या सर्वांत वयस्कर गळ्याची करा. तरुणांना वेळ आहे.