कतारचे मराठी श्रोते आणि आपण

कतार हे नाव निघाले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे तेल, नैसर्गिक वायू आणि २०२२ सालची जागतिक फुटबॉल स्पर्धा उभी राहते. या लहानशा देशात आज सात लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि त्यांत मराठी माणसेही आहेत. कोणी अभियंता आहे, कोणी बँकेत आहे, कोणी रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी गाडी चालवतो, तर कोणी बांधकामावर सुतारकाम करतो. ज्या कोकणातून आपले पूर्वज एकोणिसाव्या शतकात साखरेच्या मळ्यांवर राबण्यासाठी जहाजात चढले, त्याच कोकणातल्या रत्नागिरी-रायगडच्या गावांतून पुढच्या काळात अनेकांनी आखाताची वाट धरली. म्हणून त्यांची हकिकत आपल्याला परकी नाही. आज आम्ही त्यांच्या गाण्याविषयी लिहिणार आहोत. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला नवे गाणे कळते कसे आणि यापुढे ते कळेल का, हा प्रश्न जितका त्यांचा आहे तितकाच आपलाही आहे.

यात प्रश्न तो कसला, असे कोणी विचारील. स्पॉटिफाय ही गाणी ऐकवणारी कंपनी नोव्हेंबर २०१८ मध्ये कतारमध्ये आली, फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या मॉरिशसमध्ये. आता दोहा असो, पुणे असो की पोर्ट लुई, तेच गाणे त्याच क्षणी हातातल्या फोनवर वाजते. गाणे मिळण्याची अडचण जवळपास संपली, हे खरे. परंतु मिळणे निराळे आणि कळणे निराळे. भांडारात कोट्यवधी गाणी असली, तरी ज्याचे नावच ठाऊक नाही ते मागायचे कसे? ते नाव कोणीतरी सांगावे लागते. हे सांगणारे कोण, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आखातात गाणे पूर्वीपासून माणसांच्या बैठकीतून पसरत आले आहे. तेल सापडण्यापूर्वी तेथील लोक मोत्यांवर जगत आणि ते मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. संबंध इतका जवळचा होता, की कतारमध्ये १९५९ पर्यंत भारतीय रुपया आणि त्यानंतर १९६६ पर्यंत रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला वेगळा रुपया चालत असे. याच मार्गाने गाणेही आले-गेले. ओमानमधील सूर गावचा सालिम रशीद सूरी हा खलाशी गायक मुंबईत राहिला आणि १९३० नंतरच्या दशकात त्याने तेथे एच.एम.व्ही.साठी आपली अरबी गाणी तबकडीवर मुद्रित केली. पुढे बहारीनमध्ये जाऊन त्याने स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनीही काढली. तबकडी घेणे सर्वांना परवडत नसे, म्हणून एकाच्या घरी वा कॉफीच्या दुकानात ती लागे आणि भोवती दहाजण बसत. कोणती तबकडी चांगली, हे त्या दहांच्या तोंडून पुढच्या बंदराला कळे. त्या काळातील आखाती संगीत आज कतारच्या डिजिटल ग्रंथालयात कोणालाही ऐकता येते. कतार फाउंडेशन आणि ब्रिटिश लायब्ररी यांनी मिळून ते ग्रंथालय २०१४ मध्ये खुले केले.

तबकडीनंतर कॅसेट आली. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामे निघाली आणि भारतातून माणसे गेली. सुट्टीवर परतणाऱ्याच्या सामानात जपानी टेपरेकॉर्डर हमखास असे. घरच्यांनी आवाज भरून पाठवलेली कॅसेट हेच कित्येकांचे पत्र होते. केरळच्या एस. ए. जमील यांचे दुबईच्या पत्राचे गाणे याच काळात गाजले. नवरा आखातात आणि बायको गावी, अशा घराचे दुःख त्यात होते आणि ते कॅसेटच्या द्वारे खोलीखोलीतून फिरले. मराठी कॅसेटही अशाच फिरल्या. सुट्टीहून आलेल्या माणसाला सोबती आधी विचारीत, "काय नवीन आणलेस?" त्याने आणलेल्या चार कॅसेट साऱ्या खोलीच्या होत, आणि दोन खणांच्या यंत्रावर त्यांच्या नकला निघत. त्या नकलांनी गायकांचे नुकसान झाले, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. पण सांगणारा माणूस ओळखीचा होता आणि त्याच्या शब्दाला वजन होते. वाईट कॅसेट आणली तर त्याची थट्टा होई, म्हणून तो निवडूनच आणी.

आज ती निवड यंत्राकडे गेली आहे. यंत्राची रीत साधी आहे. ज्या श्रोत्यांनी अमुक गाणे ऐकले त्यांनी आणखी काय ऐकले, याचा हिशेब ते ठेवते आणि तेच तुमच्यापुढे मांडते. ज्या भाषेचे श्रोते पुष्कळ, तिचा हिशेब पक्का होतो. ज्या गाण्याचे श्रोते थोडे, त्याची नोंदच पुरेशी होत नाही आणि ते मागे ढकलले जाते. मराठी गाणे दोन वेळा ऐकणाऱ्याला तिसऱ्या वेळी हिंदी चित्रपटगीत पुढे येते, ते यामुळे. यात यंत्राचा मराठीवर राग नाही. त्याला गर्दी मोजता येते, एवढेच.

आणखी दोन गोष्टी वाचकांनी लक्षात घ्याव्यात. पहिली पैशाची. २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला, की एखादे गाणे बारा महिन्यांत निदान एक हजार वेळा ऐकले गेले नाही, तर त्याबद्दल मोबदला मिळणार नाही. मोठ्या कलाकाराला हजार हा आकडा क्षुल्लक आहे. पण कोकणातल्या एखाद्या शाहिराने पदरचे पैसे घालून काढलेल्या अल्बमला तोच उंबरठा डोंगराएवढा होतो. दुसरी गोष्ट यंत्राने रचलेल्या गाण्यांची. डीझर या फ्रेंच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, की तिच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी सुमारे १८ टक्के, म्हणजे दिवसाला वीस हजारांहून अधिक, पूर्णपणे कृत्रिम बुद्धीने तयार केलेली असतात. या पुरात माणसाने जीव ओतून केलेला अल्बम शोधायचा तर ऐकलेल्या माणसाची साक्षच उपयोगी पडणार.

अशा साक्षीचे बळ मराठीने अनुभवले आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण प्रसारित झाले. आठवड्याला एक, अशी ५६ गाणी. पुढच्या गाण्यासाठी आठ दिवस थांबावे लागे आणि त्या आठ दिवसांत घराघरांतून मागच्या गाण्याची चर्चा होई. अलीकडे २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम चित्रपटाचा आधार नसतानाही परदेशांतील मराठी मंडळींपर्यंत पोहोचला, तो बव्हंशी एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे.

कतारमध्ये २०१७ साली हिंदी आणि मल्याळम भाषांची खाजगी नभोवाणी केंद्रे सुरू झाली. मराठीसारख्या थोड्या संख्येच्या भाषेला अशा केंद्राची वाट पाहत बसता येत नाही. तिचा भार दोह्यातील महाराष्ट्र मंडळ, तेथील गणेशोत्सव, मित्रांच्या बैठका आणि व्हॉट्सॲपवरचे गट यांच्यावरच पडतो.

मात्र माणसांची शिफारसही निर्दोष नसते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. माणूस आपल्यासारख्यालाच सांगतो. मंडळात येणारी सुशिक्षित कुटुंबे एकमेकांना भावगीते आणि नाट्यगीते सांगतील, पण प्रल्हाद शिंदे वा विठ्ठल उमप यांची परंपरा पुढे नेणारा नवा गायक, भीमगीते किंवा कोळीगीते त्या वर्तुळात शिरतीलच असे नाही. दुसरीकडे शहराबाहेरच्या कामगार वसाहतीत राहणारा माणूस त्या वर्तुळाच्या बाहेरच राहतो. कतारने मार्च २०२१ पासून किमान मूळ वेतन महिना एक हजार रियाल ठरवले. ते कामगारांच्या हिताचेच झाले. पण बायको-मुलांना सोबत आणायचे तर याच्या अनेक पटींनी वेतन लागते. त्यामुळे हा माणूस वर्षानुवर्षे एकटाच असतो आणि रात्री कानाशी धरलेले गाणे हीच त्याची सोबत असते. त्याच्या आवडीचे गाणे मंडळाला ठाऊक नाही आणि मंडळाचे त्याला नाही. यंत्र दोघांनाही जोडीत नाही. कतारच्या मराठी समाजाची खरी कसोटी येथे आहे, असे आम्हाला वाटते.

आता आपल्या बेटाकडे वळू. आपल्या पूर्वजांनी तबकडी आणली नव्हती की कॅसेट. त्यांनी झाकरीची गाणी कंठात आणली, आणि एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत थोरांनी ती लहानांना शिकवली. कोणते पद घ्यायचे, कोणत्या चालीत, हे सांगणारा माणूस प्रत्येक गावी होता. आज आपल्या घरांत क्रिओल बोलली जाते आणि बहुतेक मुलांच्या कानावर मराठी पडते ती शाळेच्या तासाला, आरतीला आणि गाण्यात. त्यांतले गाणेही यंत्राच्या हवाली केले, तर यंत्र त्यांना बेटावर जे सर्वाधिक वाजते तेच देईल. मग मराठीची ती तिसरी वाटही बुजेल, आणि आपल्याला कळणारही नाही.

यावर उपाय मोठा नाही आणि त्याला सरकारी मदतही नको. प्रत्येक मंडळीने महिन्याला एक मराठी अल्बम निवडावा. निवडणाऱ्याने गायकाचे, कवीचे आणि संगीतकाराचे नाव सांगावे, शब्दांचा अर्थ मुलांना क्रिओलमध्ये समजावून द्यावा आणि आपल्याला तो का आवडला हे दोन वाक्यांत बोलावे. पुढच्या महिन्यात पाळी दुसऱ्या घराची, आणि ती कधी तरुणांची असावी, कधी आजींची. शंभर घरांनी एक गाणे वर्षात दहा-दहा वेळा ऐकले, तर हजाराचा तो उंबरठा ओलांडला जातो. म्हणजे आपल्या शब्दाने महाराष्ट्रातील एखाद्या अनोळखी कलावंताच्या पदरात दोन पैसे पडण्याची वाट मोकळी होते. रक्कम अगदी थोडी असेल, पण आपले गाणे कोणी ऐकते आहे, हे त्याला समजेल.

आणि देवाणघेवाण एकाच बाजूने का व्हावी? आपल्या झाकरीचे ध्वनिमुद्रण करून ते दोह्याच्या मराठी बांधवांना पाठवता येईल. कोकण सोडून गेलेल्या दोन समाजांनी एकमेकांना गाणी सांगावीत, याला ना जहाज लागते ना परवाना. लागतो तो ओळखीच्या माणसाचा एक निरोप, "हे ऐकून पाहा." येत्या गणेशोत्सवापूर्वी निदान असा एक निरोप प्रत्येक वाचकाने कोणाला तरी धाडावा, अशी आमची विनंती आहे.