गरम पाणी, गार वारा

डिसेंबर लागला की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो हमखास येतात. एक, कॅनडा-अमेरिकेतल्या भावंडांचा: मागच्या अंगणात हॉट टब, आजूबाजूला बर्फ आणि वाफेतून डोकावणारी चार डोकी. दुसरा, आपल्याकडच्या कुणाचा तरी: गणेशपुरी-अकलोली, उनपदेव, सालबर्डी नाहीतर मनालीजवळचं वशिष्ठ. खाली एकच प्रश्न असतो, "थंडी नाही वाजत?" आणि उत्तरही ठरलेलं, "आत नाही वाजत, बाहेर निघाल्यावर कळतं!" या उत्तरात बरंचसं विज्ञान आहे. घरात साठीपुढचं कुणी असेल तर थोडा धोकाही आहे. म्हणून या वेळचा विषय हाच.

आपण बालाघाटकर या बाबतीत नशीबवान आहोत. आपल्या उत्तरेला नर्मदा, शोण आणि तापी या नद्यांच्या ओळीने जमिनीत खोल भेगांचा एक पट्टा गेला आहे. पावसाचं पाणी या भेगांतून खूप खाली झिरपतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, त्यामुळे ते पाणी तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. इथे ज्वालामुखीचा काही संबंध नाही. जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, अमरावतीच्या सीमेवरचं सालबर्डी, छिंदवाड्याकडचं अनहोनी, छत्तीसगडमधलं तातापानी ही सगळी याच पट्ट्यातली मंडळी. आपल्याला सगळ्यांत जवळचं म्हणजे मंडला-जबलपूर रस्त्यावरचं बबेहा. गंधकाचा वास असलेलं पाणी, बरगी धरणाच्या जलाशयाचा शेजार आणि जानेवारीत अंगावर येणारा वारा.

आता वारा नेमकं काय करतो ते बघू. अंगाला पाणी नसेल तर वारा फक्त त्वचेजवळचा उबदार हवेचा थर उडवून नेतो. अंग ओलं असेल तर मात्र तो पाण्याची वाफ करतो, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता बरीचशी आपल्या शरीरातून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात. समजा, कुंडातून निघताना अंगावर आणि केसांत मिळून १०० ग्रॅम पाणी राहिलं. त्याची पूर्ण वाफ व्हायला २४० किलोज्यूल हवेत. ६० किलो वजनाच्या माणसाचं तापमान एका अंशाने उतरायला साधारण २१० किलोज्यूल जावे लागतात. सगळी उष्णता शरीरातूनच जात नाही, काही हवेतूनही येते, पण हिव का वाजतं ते या आकड्यांवरून कळतं. आणि सुक्या टॉवेलने दोन मिनिटांत नीट अंग पुसलं तर हा हिशेब जवळजवळ मिटतो. पाण्यातून निघताच टॉवेल हातात हवा, गाडीच्या डिकीत नव्हे.

हाच नियम पाण्यालाही लागू. परदेशातल्या टबवर जाड झाकण असतं ते पानं पडू नयेत एवढ्यासाठीच नाही. वाऱ्यात उघड्या पाण्याची उष्णता मुख्यतः वाफेवाटे जाते. १५०० लिटरचा टब एक अंशाने उतरला तर तो परत वर आणायला पावणेदोन युनिट वीज लागते, म्हणजे घरच्या दोन किलोवॅटच्या गीझरचं जवळपास तासाभराचं काम. आपल्या आज्या बंबातलं पाणी घंगाळात काढलं की वर परात झाकायच्या, त्यामागे हेच गणित होतं.

आता धोक्याचं बोलू. गरम पाण्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात असताना पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो, म्हणून जाणवत नाही. एकदम उभं राहिलं की तो आधार जातो, रक्त पायांत उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याच क्षणी गार वारा लागला की त्याच रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वर उसळतो. जपानमध्ये हिवाळ्यात वयस्क माणसं आंघोळीच्या वेळी दगावण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून तिथलं सरकार सांगतं की पाणी ४१ अंशांपर्यंत आणि वेळ १० मिनिटांपर्यंत. अमेरिकेत टबसाठी ४० अंश ही कमाल मर्यादा सांगितली जाते.

गेल्या जानेवारीत आमच्या आजीने बबेह्याला जायचा हट्ट धरला. वय ७६, बीपीची गोळी चालू. बाबांनी सरळ नाही म्हटलं. आजी म्हणाली, "गुडघे माझे दुखतात, नाही तू म्हणतोस." त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी तिच्या डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, न्या, पण कमरेएवढ्याच पाण्यात, दहा मिनिटं, उपाशीपोटी नको आणि एकटीला सोडू नका.

म्हणून पहाटेचा बेत रद्द करून ऊन तापल्यावर पोहोचलो. आधी पाय, मग गुडघे, मग कमर. केस ओले होऊ दिले नाहीत. आई आणि काकूने वाऱ्याच्या बाजूला सतरंजी धरली. निघताना आजीला लगेच उभं केलं नाही. काठावर शाल गुंडाळून बसवलं, पाठ-पाय पुसले, दोन मिनिटांनी हात धरून उठवलं. "नवरीला नटवतात तसं चाललंय तुमचं," ती म्हणाली. गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण त्या रात्री ती गाढ झोपली आणि नंतर महिनाभर शेजारणींना त्या पाण्याचं वर्णन सांगत होती.

हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्या पिढीला दोनच गोष्टी येतात: "नको, या वयात कशाला?" म्हणून मोकळं होणं, नाहीतर सगळ्यांना पाण्यात उतरवून रील काढत बसणं. मधली वाट थोड्या कष्टाची आहे, पण अवघड नाही. सुका टॉवेल, शाल, वाऱ्याला आडोसा, घड्याळ आणि धरायला एक हात, एवढंच सामान लागतं. गर्भवती स्त्रिया आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. दारू पिऊन कुणीही पाण्यात उतरू नये. लहान मुलांचं अंग लवकर तापतं, त्यांना काही मिनिटांतच बाहेर काढावं. त्यांना डोकं बुडवू देऊ नये, कारण उघड्या कोमट पाण्यातले काही जंतू नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हा आजार फार दुर्मिळ, पण जीवघेणा आहे.

संक्रांतीच्या सुट्टीत कुठे जायचं हे घरात ठरत असेल, तर या वेळी आधी आजी-आजोबांना विचारा. त्यांनी कुंडाचं नाव घेतलं तर डॉक्टरांना फोन करा आणि पिशवीत एक टॉवेल जास्तीचा टाका.